वाढत्या अंगाची रिव्हॉल्व्हर

क्लबातली जुनी रिव्हॉल्व्हर थकली आणि नवी निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मीही तिच्याइतकाच थकलेला होतो. तिची चक्री हलायला लागली होती. चक्री म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकून नळीच्या नेमक्या रेषेत थांबायला हवी. आमची थांबायची, पण डुलत. बोटानं हलवली की सैल झालेल्या दातासारखी वाजायची. वर्षानुवर्षं भारी काडतुसं चालवल्यावर पोलादही कुरकुरतं. मी ती कपाटात बंद केली आणि मॅनेजरला सांगितलं, आता हिच्यातून एकही गोळी झाडायची नाही.

आमचा नेमबाजीचा क्लब अमिरातीत, उम्म अल कुवैनच्या पुढे आहे, महामार्गापासून आत, खारट जमिनीवर. मी तिथला इंजिनिअर. एसी, जनरेटर, निशाणाचे फलक पुढेमागे नेणाऱ्या मोटारी आणि शस्त्रांची देखभाल असं सगळं माझ्याकडे. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी आधी एसी सांगतो. बंदुका सांगितल्या की लोक दोन पावलं मागे सरतात, नाहीतर मुलांना घेऊन कधी येऊ म्हणून विचारतात. घर दुबईत, अल कुसैसला. सकाळी अर्धी शारजा दुबईकडे रांगत येते आणि मी मोकळ्या रस्त्यानं उलट जातो. लोक म्हणतात, नशीबवान आहात. असेन. पण समोरच्या बाजूला थांबलेली ती हजारो माणसं रोज बघत जायचं, यानंही दमायला होतं, हे कुणाला सांगून पटत नाही.

आमच्याकडे येणारे बहुतेक पाहुणे असतात. सुट्टीवर आलेले, ऑफिसची टीम घेऊन आलेले, लग्नाचा वाढदिवस साजरा करणारे. आयुष्यात पहिल्यांदा शस्त्र हातात घेणारी माणसं. आधी लहान पिस्तूल चालवतात, मग विचारतात, बडा वाला है क्या? बडा वाला म्हणजे मॅग्नम. नेहमीच्या काडतुसाचा लांब, जास्त दारू भरलेला भाऊ. आवाज छातीत बसतो, हात वर उडतो, फोटो चांगला येतो. एक-दोन गोळ्या झाडून माणूस खूश होऊन घरी जातो. क्लबाचं दुकान त्याच्यावर चालतं.

म्हणून नवी रिव्हॉल्व्हर हवीच होती, आणि मोठ्या तोंडाची, भारी काडतूस रोज सोसणारी हवी होती. इथे शस्त्र घेणं म्हणजे बाजारातून मिक्सर आणणं नव्हे. परवानग्या लागतात, महिने जातात. एकदा आली की आली, आवडली नाही म्हणून परत होत नाही. आणि निवडपत्राखाली सही माझी.

सहीबद्दल एक सांगतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी सही नव्हती, अंगठा होता. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं. घरातला पहिला पदवीधर. पदवी मिळाली त्या दिवशी वडिलांनी माझ्याकडून एका कागदावर सही करून घेतली आणि तो कागद नुसताच बघत बसले. तेव्हापासून मी सही करताना घाई करत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

वडिलांचा दुसरा वारसा म्हणजे एक नियम. आमच्याकडे कुठलीही वस्तू मापाची येत नसे. शर्ट, चड्डी, बूट, सगळं वाढत्या अंगाचं. मोठ्यात लहान मावतं, लहानात मोठं मावत नाही, असं ते म्हणायचे. शाळेचे बूट पुढे चिंध्या कोंबून घालायचे. पाय वाढेल तशी चिंधी कमी. बूट नेमके मापात यायचे तोवर तळ गेलेला असायचा, हा भाग वेगळा.

हा नियम मी आखातातही चालवला. क्लबात पहिल्यांदा जनरेटर घ्यायचा होता तेव्हा मी गरजेपेक्षा एक माप मोठा घ्यायला लावला. सगळे हसले. पुढे आणखी फलक आले, कॅफे निघाला आणि त्याच जनरेटरनं सगळं ओढलं. पाण्याची टाकी, एसी, शस्त्रांचं कपाट, सगळीकडे तेच. आमचा मॅनेजर हैदराबादचा. गोड बोलणारा, जाड मिशांचा, पाहुण्यांवर जीव टाकणारा माणूस. त्यानं माझा नियम त्याच्या हिंदीत करून टाकला होता. कुठलीही मीटिंग असो, माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "इंजीनियर साब का उसूल है जी. बड़ा लेओ, छोटा उसमें समा जाता."

तोच उसूल आता माझ्या अंगावर आला.

शस्त्रांच्या दुकानदारानं दोन नमुने सुचवले होते. एक चव्वेचाळीसची. हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभराव्या हिश्श्यात. पूर्ण पोलादी, जड अंगाची, सहा घरांची. दुसरी चारशे साठची. आकड्याला भुलू नका, हा हजाराव्या हिश्श्यातला आहे; गोळी जाडीला थोडीच जास्त, पण काडतूस बोटाएवढं लांब आणि ताकद चव्वेचाळीसच्या दुपटीच्या घरात. पाच घरं, लांब नळी, दोन किलोच्या वर वजन. आणि तिची खुबी अशी, की त्याच चक्रीत तीन लांबींची काडतुसं बसतात. सगळ्यात आखूड म्हणजे हलकं, धक्का नावापुरता. मधलं मध्यम. लांब म्हणजे राक्षस.

मॅनेजरनं हे वाचलं आणि त्याचं ठरलंच. एका वस्तूत तीन वस्तू. आजीबाई आल्या, हलकं द्या. पैलवान आला, राक्षस द्या. बाहेर बोर्ड लावू, अमिरातीतली सगळ्यात मोठी. मी म्हटलं, चव्वेचाळीस बघू. त्यानं दोन्ही हात पसरले. "क्या जी, जनरेटर में उसूल, रिव्हॉल्वर में नक्को?"

माझ्याजवळ तेव्हा नीट उत्तर नव्हतं. एवढंच कळत होतं की मन राजी होत नाहीये. जड बंदूक वाईट नसते. उलट भारी काडतुसाला जडच अंग हवं. वजन धक्का पितं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये भारी काडतुसं घातली की हात तर बधिर होतोच, शिवाय प्रत्येक झटक्यानं चक्रीतल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या कवचातून पुढे सरकतात आणि चक्री फिरायची थांबते. हे सगळं मला माहीत होतं, आणि ते त्याच्याच बाजूचं होतं. चारशे साठ जडही होती आणि दणकटही.

त्यातच माझ्या कराराच्या नूतनीकरणाचा कागद त्याच्या टेबलावर होता. माझी मुलगी इथेच वाढली, इथेच मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे, तिची दोन वर्षं राहिली होती. माझा व्हिसा गेला तर घर आवरून परत जायचं आणि तिला कुठेतरी मधूनच चिकटवायचं. मॅनेजर एवढंच म्हणाला, रिव्हॉल्व्हरचं काम सुरळीत होऊ दे, मग तुझा पण कागद बघतो, इन्शाल्ला. धमकी नव्हती ती. पण दोन्ही कागद एकाच टेबलावर आहेत हे दोघांनाही दिसत होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तो म्हणतो ती घ्या ना. तुम्हाला थोडीच चालवायचीय?" तिचंही चूक नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर माणसानं कशाकशासाठी भांडायचं, हा प्रश्न मीही रोज गाडीत स्वतःला विचारतोच.

चाचणीचा शनिवार ठरला. दुकानाचा माणूस दोन्ही नमुने घेऊन येणार. मॅनेजर म्हणाला, मुलीला घेऊन ये, पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यासारखा एक हात पाहिजे. ती आनंदानं आली. गाडीत तिला मी विषय समजावून सांगितला, मराठीत. तिनं उत्तरं दिली इंग्रजीत. ही आमची नेहमीची वाटणी.

आधी चव्वेचाळीस. मी चालवली, भारी काडतुसावर. धक्का सरळ मनगटातून खांद्यात गेला. प्रामाणिक धक्का, चाप ओढण्याआधी जो अंदाज होता तोच आला. मूठ माझ्या हातात पूर्ण मावत होती, आणि माझा हात काही मोठा नाही. मुलीनं दोन गोळ्या झाडल्या. पहिलीला दचकली, दुसरीला नाही. मग चक्री उघडून, डोळे बारीक करून घरं तपासत बसली. माझीच मुलगी.

मग चारशे साठ. मॅनेजरनं बाही वर केली आणि राक्षस झाडला. भिंतीवरचे आवाज शोषणारे तक्तेसुद्धा थरथरले. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले, खाली आले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. मग मुलीला आखूड काडतुसं दिली. तिनं सलग पाचही झाडली आणि कानावरचं झाकण सरकवून म्हणाली, "बाबा, इट्स नथिंग. इट जस्ट पुशेस."

मॅनेजरनं माझ्याकडे नुसतं बघितलं. दुकानाचा माणूसही हसला. मी मनात म्हटलं, संपलं. वडिलांचा नियम, पोरीची साक्ष, दोन्ही समोरच्या बाजूला. सही करून मोकळा हो.

तिला आणखी एक फेरी हवी होती. टेबलावर ताटलीत तीन कप्प्यांत तीन लांबींची काडतुसं होती. मॅनेजर तिच्याशी बोलत बोलत चक्री भरायला लागला. कॉलेज कसं चाललंय, मेकॅनिकलला मुली किती, हैदराबादला त्याची पुतणी पण इंजिनिअर. हात आपोआप चालले होते, भरलेल्या वाटीतून शेंगदाणे घ्यावेत तसे. एक, दोन, पाच. चक्री उघडीच होती आणि मला तिची मागची बाजू दिसत होती. पाच पितळी चकत्या, एकमेकींसारख्या हुबेहूब. आखूड, मधलं, लांब, तिघांची बूडं एकाच मापाची. म्हणून तर ती एकाच घरात बसतात. त्यानं चक्री बंद केली आणि रिव्हॉल्व्हर तिच्यासमोर ठेवली.

मी विचारलं, कुठली भरलीत. म्हणाला, छोटी. मी म्हटलं, उघडून दाखवा.

तो आधी हसला. मग त्याला दिसलं की मी हसत नाहीये. मुलीनं हात पुढे केला होता, तो तिनं मागे घेतला. दुकानाचा माणूस उगाच पेटी बंद करायला लागला.

"यक़ीन नहीं मेरे पे?" मॅनेजर म्हणाला. "इतने साल के बाद?"

"तुमच्यावर आहे सर," मी म्हटलं, आणि हे माझ्या तोंडून मराठीतच गेलं. मग हिंदीत म्हटलं, "लेकिन खाली करो."

त्यानं चक्री उघडली, उलटी केली आणि काडतुसं टेबलावर पडली. पाचही आखूड. एकही चुकलेलं नव्हतं.

त्यानं ती एका ओळीत उभी केली, सावकाश, मला नीट दिसावीत म्हणून. "देखा?"

"देखा," मी म्हटलं. "बघायला उघडावं लागलं ना सर. बंद चक्रीत तुम्हाला सांगता आलं असतं?"

त्यानं उघड्या चक्रीकडे बघितलं. आणि मला माझं उत्तर तिथे, त्या टेबलापाशी, स्वतःच्या तोंडून ऐकू आलं, तोपर्यंत ते मलाच माहीत नव्हतं. लहान घराच्या चक्रीत चुकीचं काडतूस जातच नाही. लांबडं घालायला गेलात तर चक्री बंद होत नाही, वस्तू स्वतःच नाही म्हणते. तुम्ही दमलेले असा, बोलत असा, पाहुण्यांची रांग लागलेली असो, पोलाद दमत नाही. पण ज्यात सगळं मावतं त्यात चूकही मावते. आजीबाईंच्या हातात हलक्या चार गोळ्यांनंतर पाचवा राक्षस गेला, तर त्यांचा हात कुठे जाईल आणि नळी कुठे वळेल, हे कोण सांगणार? चव्वेचाळीसमध्येही एक आखूड भाऊ बसतो, हे खरं आहे. पण तो आपण आणायचाच नाही, एकच जातीचं काडतूस ठेवायचं. चारशे साठ घ्यायची तर तीन जातींसाठीच घ्यायची होती.

हे मी इतकं सरळ त्या वेळी बोललो नाही. अर्धंमुर्धं हिंदीत, घाम पुसत बोललो. मॅनेजर ऐकल्यासारखं करत होता. शेवटी म्हणाला, खलास, आज बस, आणि चहाला न थांबता ऑफिसात गेला. मुलीची दुसरी फेरी राहिली ती राहिलीच.

परतताना ती बराच वेळ फोनमध्ये होती. मग म्हणाली, "यू इन्सल्टेड हिम, बाबा. अँड ही वॉज राइट."

मी म्हटलं, हो, बरोबर होता.

थोड्या वेळानं, शारजाच्या सिग्नलला, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बट ही वॉजन्ट लुकिंग. ही वॉज लुकिंग ॲट मी." मग मराठीत, जे ती फक्त फार खरं बोलायचं असलं की बोलते, "मी पण बघत नव्हते. मी नुसता हात पुढे केला होता."

रविवारी मी चव्वेचाळीसची शिफारस लिहिली. कारणं थोडक्यात. खाली सही, नेहमीच्या वेगानं. कागद त्याच्या टेबलावर ठेवला, माझ्या कराराच्या कागदाशेजारी, कारण रिकामी जागा तेवढीच होती. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बॅगा काढू का माळ्यावरच्या?" थट्टाच होती, पण दोघांनाही हसू पुरलं नाही.

मग काही दिवस काहीच झालं नाही. तो कॉरिडॉरमध्ये भेटला की "सलाम" म्हणायचा, इंजीनियर साब म्हणायचा नाही. मला तेही चाललं असतं. राग सोसता येतो. पण जेवताना मुलगी पुढच्या सेमिस्टरच्या विषयांबद्दल बोलायची आणि मी मान डोलवायचो, ते सोसत नव्हतं. फार थकलो त्या आठवड्यात. काम तेवढंच होतं.

एके दुपारी निशाणाच्या मोटारीचा पट्टा बदलून परत येत होतो, तर शस्त्रांच्या खोलीचं दार उघडं दिसलं. मॅनेजर आत एकटा बसला होता. दुकानाचे नमुने अजून आमच्याकडेच होते. त्यानं चारशे साठची चक्री उघडून समोर धरली होती आणि तिच्यात चाचणीतली झाडलेली रिकामी कवचं भरली होती, आखूड, लांब, मिसळून. तोंड दुसरीकडे करून भरायचा, मग मागची बाजू निरखायचा, मग बाहेर काढून ताडून बघायचा. मी दारात उभा आहे हे त्याला कळलं, पण त्यानं मान वर केली नाही.

"दो रोज़ से कर रहा हूँ," तो म्हणाला. "एक बार भी सही नहीं आया."

मी आत जाऊन त्याच्या बाजूला स्टूल ओढलं. दोघं त्या पाच चकत्यांकडे बघत बसलो. एसीचा आवाज येत होता. तोही वाढत्या अंगाचाच, खोलीला फार मोठा, म्हणून सारखा चालू-बंद होणारा. इतकी वर्षं मला ते कधी खटकलं नव्हतं.

"तेरा उसूल ग़लत है क्या फिर?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

"जनरेटरला बरोबर आहे," मी म्हटलं. "माणसाच्या हातात द्यायच्या वस्तूला नाही."

त्यानं कवचं एकेक करून डब्यात टाकली. मग बाजूला आणून ठेवलेल्या फाइलीतून दोन्ही कागद काढले. चव्वेचाळीसवर सही केली. माझ्या करारावर सही केली. दोन वर्षं. बोर्डावर सगळ्यात मोठी लिहायचं राहिलं, याचं दुःख त्याला होतं, ते त्यानं लपवलं नाही. "जाओ जी इंजीनियर साब," म्हणाला, "मूड नक्को ख़राब करो और."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, आत कुठेतरी. गाडीत बसलो तेव्हा फक्त पाय दुखत होते.

घरी पोहोचलो तर दारातच नवे बूट पडलेले. मुलीच्या वर्कशॉपसाठी, पुढे पोलादी टोप असलेले. बायकोनं सेलमधून आणले होते. मी बायकोला सांगितलं, झाला कागद, दोन वर्षं. ती देवघराकडे वळून हात जोडून आली, मग म्हणाली, आधी बूट बघा, केवढ्याला मिळाले. एकशे वीस दिरहम, म्हणजे आपले किती झाले, असा हिशोब ती करत होती, आणि मुलगी ते घालून हॉलमध्ये चालून दाखवत होती. टाच दर पावलाला वर उचलली जात होती.

"मम्मा, माय फीट स्टॉप्ड ग्रोइंग इन टेन्थ," ती म्हणाली.

"दोन मोजे घाल. मोठं कधी वाया जात नाही. बाबांनाच विचार."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. वर्कशॉपमध्ये लेथ असतो, खाली तेल सांडलेलं असतं. मी मुलीला म्हटलं, काढ ते, खोक्यात भर, पावती दे. बायको म्हणाली, आत्ता? दमून आलायत, उद्या जा.

मी म्हटलं, आत्ताच. आणि मुलीलाही बरोबर घेतलं, कारण माप पायाचं घ्यायचं होतं.